कोरडा आवाज

१४ मार्च, शनिवार

लाडक्या चिमणीस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंची सर्दी गेली का? माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो मेला आधीपासूनच कुरकुऱ्या. बाबांच्या गुलाबाला तीन कळ्या आल्यात.

फोनवर तू दर वेळी विचारतेस, "आई, बाबांचं गाणं ऐकतेस ना?" मी "हो गं" म्हणते आणि तुझ्या स्वयंपाकाची चौकशी करते. आज लिहायला बसले, कारण फोनवर मला रडू फुटलं तर तू तिकडे घाबरशील.

मी ते गाणं बाबांच्या स्मरणसभेनंतर एकदाही लावलेलं नाही.

सभेत सगळे डोळे पुसत होते. आत्या म्हणाली, "दादा मोठ्या सभागृहात गातोय असं वाटलं." किती खपली होतीस तू. घरच्या त्या रेकॉर्डरसमोर आठवडाभर मान मोडून बसलीस, बाबांच्या कोरड्या आवाजाला घुमारा चढवलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

चिमणे, तुझे बाबा कधी सभागृहात गायले नाहीत गं. मागच्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकायची, त्यांवर रजया लटकवायच्या आणि त्यांच्या मधोमध उभं राहून गायचं. मी म्हणायचे, "गाताय की ऊब घेताय?" तर म्हणायचे, "बाईसाहेब, भिंतींनी मध्ये तोंड घालायला नको. आवाज आधी कोरडा घ्यायचा. घुमारा काय, नंतर कधीही चढवता येतो."

आमच्या शाळेतल्या सिस्टर प्रार्थनेच्या वेळी बजावायच्या, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळू नका. बाबांनी ते कधीच गिळलं नाही. आता घुमाऱ्यात ती अक्षरं एकमेकांत विरघळतात आणि बाबा लांब कुठेतरी उभे असल्यासारखे वाटतात. लांब तर ते गेलेच आहेत. ते मला यंत्राने सांगायला नको होतं.

म्हणून सोमवारी ठरवलं, घुमारा काढून मूळचा आवाज ऐकू. चष्मा लावून माहितीपुस्तिका ओळ न् ओळ वाचली. बाबांचा पहिला ट्रॅक लावला. त्यावर तू होतीस. गुणगुणत होतीस.

मग उमगलं. यंत्रावर ट्रॅक चारच, म्हणजे चारच आवाज वेगवेगळे मावतात. जागा व्हावी म्हणून तू बाबांचा आवाज घुमाऱ्यासकट गिटारच्या ट्रॅकमध्ये मिसळलास आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर, त्यांच्या मूळ आवाजावर, स्वतःचं गुणगुणणं भरलंस. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. तुझ्या आवाजाखाली ते कुठेच नव्हते. आणि रागावू तरी कशी? बापाच्या गाण्यात लेकीनं सूर मिसळला, एवढंच तर झालं.

चौथ्या ट्रॅकवर माझी साथ आहे. थरथरते म्हणून तू ती गाण्यात घेतलीच नाहीस. बरं झालं, जशीच्या तशी राहिली. मी गात होते तेव्हा बाबा माझ्या शेजारी, त्या रजयांतच उभे होते. माझ्या दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत ते हळूच म्हणतात, "घाई नको. श्वास घ्या, बाईसाहेब."

कोरडा आवाज. अगदी कानाशी.

त्यावर मी श्वास घेते. यंत्रातली मी घेते, आणि इथे खुर्चीतली मीही घेते.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा यंत्र तुझंच आहे, हवं ते कर. तुझं गुणगुणणं मी पुसलेलं नाही, पुसणारही नाही. फक्त चौथ्या ट्रॅकला हात लावू नकोस. मी नसेन तेव्हा तुला वाटेल, आईचा आवाज जरा भरदार करावा, थरथर झाकावी. नको करूस. थरथरू दे. कोरडाच राहू दे. त्याच्या मध्ये बाबा आहेत.

घाई न करता श्वास घेणारी,
तुझी आई