कासव किती वेळा सोडायचं

सोमवार, ३ मार्च

पुन्हा तेच! सकाळी क्लबवर पोचले तर कासव पाण्यातच. कालपासून! पोहण्याच्या तलावाच्या तळाशी ते सरपटताना दिसलं की साहेबांना बरं वाटतं. सभासद काठावर उभे राहून बघतात, मुलं टाळ्या पिटतात आणि साहेब हात मागे बांधून असे फिरतात, जणू तळ स्वतःच चाटून काढलाय. तळ साफ करायचं मशीन आहे ते, शोभेचा मासा नाही! काम झालं की बाहेर काढायचं, पोटातली जाळी धुवायची, सावलीत ठेवायचं. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. पण वाचतो कोण!

साहेबांना तसं म्हटलं. तर — "वा! आमच्या ग्रॅज्युएट मॅडमना पाण्यातलंही कळतं." सगळं ऑफिस हसलं.

बाबा दारात उभे होते, हातात लांब दांड्याचा ब्रश. तेही हसले. त्याचा राग जास्त आला.

मंगळवार, ४ मार्च

घरी ‘ठमे’, क्लबवर ‘मॅडम’! स्वतःच्या मुलीला! म्हटलं, बाबा, असं नका ना करू. तर म्हणे, "ऑफिसातल्या माणसांशी असंच बोलायचं असतं." मी जन्मायच्या आधीपासून हा माणूस तो तलाव घासतोय आणि अजून ऑफिसात चपला काढून येतो. चीड येते.

गुरुवार, ६ मार्च

साहेब म्हणाले, "मग तुम्हीच ठरवा. कासव आठवड्यातून किती वेळा सोडायचं ते लेखी द्या. सहीनिशी." टोमणाच होता. पण मी उचललाच!

उत्तर सोपं आहे. हे कोणाच्या हौशीवर ठरत नाही, पाण्यात घाण किती पडते त्यावर ठरतं. म्हणजे कासव बाहेर काढलं की दर वेळी जाळी उघडून बघायची. हे इतकं करायला कोणाला सुचू नये?

बुधवार, १२ मार्च

जाळी दर वेळी जवळजवळ रिकामी. एखादं पान, एकदा केसांचा रबर. काठाला एवढी झाडं असून! नवल वाटलं, पण दिसलं ते दिसलं. लिहून दिलं — आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, पुरे. गर्दी झाली किंवा वारा सुटला तर एक फेरा जास्त. उगाच रोज सोडलं तर मशीन झिजेल, दुसरं काही नाही.

द्यायच्या आधी बाबांना दाखवलं. मजकूर नाही वाचला. खाली सहीवरून बोट फिरवलं. "तुझी?"

"मग काय शेजारच्यांची!"

शनिवार, १५ मार्च

 

साहेबांनी माझा कागद मीटिंगमध्ये वाचला. आज मला बोलावून म्हणाले, "घाण इतकी कमी पडते, तर रोज घासायला माणूस कशाला हवा? महिनाअखेरपर्यंत येऊ दे त्यांना. बरं झालं, तुम्ही डोळे उघडलेत आमचे."

मी म्हटलं, माझ्या कागदात माणसाबद्दल एक अक्षर नाही! त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "सही तुमची आहे ना? पाणी बिघडलं तर विचारणार तुम्हालाच. मग बापलेक दोघंही घरी बसा."

मागे वळले तर बाबा दारात. सगळं ऐकलेलं. आणि मला म्हणतात काय — "मॅडम, चहा सांगू का?"

रविवार, १६ मार्च

आज कळलं जाळी रिकामी का असायची!

कासव आल्यापासून हाताने फक्त भिंती घासायच्या, तळ कासवाचा. तरी ते पाण्यात सोडायच्या आधी, पहाटे जाऊन, बाबा तळ घासून ठेवायचे. पानं, माती, केस, सगळं काढून. मी विचारलं, का? का? तर मान खाली घालून म्हणाले, "त्याला काय घाण दाखवायची, आपल्या तलावातली?"

मशीनसमोर लाज! कोणी पाहुणा यायचा असला की आई जसा घरभर झाडू मारते तसं! मी ओरडले. आई स्वयंपाकघरातून — "त्यांना काय बोलतेस? दातांच्या डॉक्टरकडे जाताना तू नाही दात घासून जात?" बाबा हसले. हसले! मी ताटावरून उठले.

राग कोणाकोणाचा करू? साहेबांचा तर आहेच. बाबांचाही. पण मी? जाळी उघडून बघितली आणि मोठा शहाणपणा केला. कासवाच्या आधी तिथे कोण येऊन गेलं, हे विचारलं नाही. त्याच घरात राहून!

सोमवार, १७ मार्च

साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मशीन असताना हाताने घासत बसले? आमचा वेळ फुकट घालवला?"

असं आहे तर! तलाव स्वच्छ दिसला तर माणूस नको. घाण दिसला तर माणूस कामचुकार. बाबांनी काहीही केलं तरी चुकलेच!

घरी येऊन म्हटलं, बाबा, उद्यापासून ब्रशला हात लावू नका. जाळी गच्च भरू दे, म्हणजे कळेल त्यांना. माझ्याकडे बघितलंही नाही. "मुलं पोहतात त्यात." संपलं बोलणं.

सोमवार, ३१ मार्च

बाबांचा शेवटचा दिवस. साहेब फोनवर होते. बाबा उभे राहून राहून निघून आले. दांडा तिथेच ठेवला, ब्रश तेवढा काढून आणला. "हा माझा आहे. मी आणलेला." दारामागे खिळ्याला टांगलाय. माझ्यावर अजिबात रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, २ एप्रिल

दिवसभर वारा! संध्याकाळी तलाव बघितला, पानांनी झाकलेला. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उद्या गुरुवार, कासवाची पाळी. जाळी फुटेपर्यंत भरणार. ती मी धुणार नाही. तशीच नेऊन साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर उपडी करणार. आणि म्हणणार — हे बघा, माझे बाबा काय करत होते ते. माझा कागद चुकीचा होता, फाडा! मला काढतील? काढू देत.

जेवताना हे सगळं बाबांना सांगितलं. आई म्हणाली, "अगं, जरा दमाने." बाबांनी भात कालवला. मग एवढंच — "सही आहे तुझी त्यावर." आणि लवकर झोपायला गेले.

गुरुवार, ३ एप्रिल

पाण्यावर एक पान नव्हतं. तळ लख्ख. वॉचमनकाका माझ्याकडे बघेनात. तरी कासव सोडलं, पूर्ण फिरू दिलं, बाहेर काढलं, जाळी उघडली.

रिकामी.

घरी आले. बाबा झोपलेले. दारामागच्या ब्रशवरून बोट फिरवलं. अजून ओला आहे.