तीन दिवसांचा उजेड

घाटघर,
४ ऑगस्ट १९९८

प्रिय गोकुळदादा,

तुझ्या रुपीचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. भातलावणी उरकली. मामंजींचा खोकला कमी आहे. राखीला येशील तेव्हा वहिनीलाही आण.

तू बसवून दिलेली सोलरची ट्यूब चांगली आहे. म्हणजे व्हती. नागपंचमीला जरासं ऊन दिसलं ते शेवटचं. धुकं असं बसलंय की अंगणातली म्हैस दिसत नाही, नुसती तिची घंटा ऐकू येते. बॅटरीच्या डबीवर लाल दिवा लागलाय. मामंजी रोज कौलांवर चढून प्लेट धोतराने पुसतात. आत्याबाई खालून ओरडतात, "अवो, पुसून ऊन पडतं व्हय? तुमीच पडाल!"

चैत्रात तू हिशेब मांडताना विचारलंस, "सलग किती दिवस ऊन नसतं?" मामंजी म्हणाले, "तीन." तू तीन धरून बॅटरी दिलीस. काल ते माझ्यापुढे रडकुंडीला आले. "पोरी, खरं सांगितलं असतं तर इथं सोलर चालायचं न्हाई म्हणून तुझा भाऊ माघारी गेला असता. मला तुझ्या बाळंतपणाला उजेड पायजे व्हता गं." आता त्यांच्यावर रागावू तरी कशी?

ट्यूब आम्ही लावतच नाही. अंधारात जेवतो. उजेड राखून ठेवलाय.

दादा, मला लई भीती वाटते रे. मागच्या खेपेला वाऱ्याने चिमणी विझली आणि सुईण, बायडाबाई, अंधारात काड्यापेटी चाचपत राहिली. लेकरू एकदा रडलं, मग गप झालं. मी त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाय. हे आईलाही सांगितलेलं नाय.

आमचे हे ट्रक घेऊन इंदूरला गेलेत. माझे दिवस पोळ्यानंतर भरतात, अजून वेळ आहे, असं मी सगळ्यांना सांगते.

शेजारचा जानकू खत आणायला तुमच्या जुन्नरला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. तिथून भरलेली बॅटरी आण, असं लिहिणार होते. पण बॅटरी राहू दे. सकाळपासून थांबून थांबून कळ येतेय. आत्ता आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी आधी जाऊन ट्यूबचं बटन दाबलं. लागली नाय.

राखीची वाट बघू नको. जीप घेऊन जानकूबरोबरच ये, मला खाली घेऊन चल. दिवस मावळायच्या आत ये रे दादा.

दारात बसलेली,
तुझी रुपी