त्या त्या वर्षाची सरासरी

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी एका चुकीबद्दल लिहायला बसले आहे. चूक माझी होती. पण ती तुम्ही खपवून कशी घेतलीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्याकडे राहायला आलात, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस टीव्हीसमोर बेसबॉल बघत बसतो, याचं मला आधी हसू आलं होतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही वैतागलेले होतात: "दहात तीनदा चेंडू धड लागला की हे लोक टाळ्या वाजवतात! उरलेल्या सात वेळांचं काय?" महिन्याभरात मात्र निवृत्तीला टेकलेल्या एका फलंदाजाच्या सबंध कारकिर्दीचे आकडे तुम्ही माझ्या लॅपटॉपवरून वहीत उतरवून घेतलेत, शेजारच्या रकान्यात त्या त्या वर्षाची लीगची सरासरी मांडलीत आणि दोहोंचं गुणोत्तर काढलंत. खेळाडू काही फार नावाजलेला नव्हता. तोच का निवडलात, हे मी कधी विचारलं नाही.

जुलैतल्या एका रविवारी चार मंडळी जेवायला आली होती. आमच्या नागपूरच्या मित्राने वही उचलली. "काका, क्रिकेट सोडून पार्टी बदललीत की काय?" तुम्ही एकदम खुलून म्हणालात, "अरे, बघ तरी. शेवटच्या वर्षांत याचे आकडे घसरलेत ना? पण तेव्हा सगळ्यांचेच घसरले होते. लीगच्या मानाने हा होता तिथेच आहे." आणि मी, हातात वरणाचं भांडं घेऊन, सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, दरवर्षी मोजपट्टी बदलली तर कोणीही पास होईल. सगळ्या वर्षांची मिळून एकच सरासरी धरायला हवी. इतकं बेसिक आहे हे." मित्र ओरडला, "यार, स्टॅट्सच्या सरांनाच स्टॅट्स शिकवते ही!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, "असेल बाई," म्हणालात, आणि कोशिंबिरीचं पातेलं पुढे सरकवलंत.

बरोबर तुम्ही होतात. चेंडू फेकणारे बदलतात, नियम बदलतात, मैदानं बदलतात. त्या वर्षीच्या माणसाला त्याच वर्षीच्या माणसांशी ताडून पाहायचं असतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. उत्तर बरोबर असूनही मधली एक पायरी गाळली म्हणून नववीत तुम्ही मला सबंध वही पुन्हा लिहायला लावली होतीत. माझ्या प्रबंधाचा गोषवारा तुम्ही तीनदा लाल करून परत पाठवलात. तोच माणूस इतकी ढोबळ चूक ऐकतो आणि "असेल" म्हणतो? पाहुण्यांसमोर तुम्हाला मला उघडं पाडायचं नव्हतं, असं मी बरीच वर्षं मानत आले. मग वाटू लागलं, की हिला आता काही सांगण्यात अर्थ नाही, असं तुम्ही ठरवून टाकलं असावं. दोन्ही स्पष्टीकरणं पुराव्याशी सारखीच जुळतात आणि अशी अनिश्चितता मला सहन होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात लेक कॉलेजातून घरी आली होती. तिने माझ्याच विषयातलं एक विधान मैत्रिणींसमोर ठासून केलं आणि ते साफ चूक होतं. दुरुस्तीचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण मी काहीच बोलले नाही. मैत्रिणी गेल्यावर ती म्हणाली, "मॉम, यू नेव्हर लेट मी विन. आर यू ओके?" मी गप्प राहिले ते मायेने की कंटाळून, हे मला स्वतःबद्दलसुद्धा सांगता आलं नाही. मग तुमच्याबद्दल कसं सांगणार?

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट मान्य करते. माझी ती चूक मला उशिरा कळली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. त्या रविवारनंतरच्या मंगळवारीच ऑफिसात मी तुमचं गणित करून पाहिलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. घरी आले तेव्हा तुम्ही घरामागच्या लाकडी डेकवर बसला होतात. "आज लवकर?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "ट्रॅफिक नव्हता."