आठ नंबरचे बूट

मी, मालन बळवंत वैती, वय सव्वीस, राहणार मनोरी, धंदा गोल अडवणे, हे माझ्या हाताने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. जबरदस्ती कोणाची नाही. फक्त आई समोर बोंबील साफ करत बसलीय आणि दर ओळीला विचारतेय, "काय लिवतंस गो?"

कारण असं, की सोमवारी माझ्या काळजातली झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, दहातले आठ उठून घरी जातात. उरलेल्या दोघांच्या सामानाचं काय होतं, असं मी विचारलं. ते हसले नाहीत. म्हणून हा कागद.

कलम १. माझी खोली, पासबुक आणि ट्रंक आईची. आई म्हणते, "माझंच हाय ना ते!" तरी लिहिलं.

कलम २. इंडियाची जर्सी, नंबर एक, जयवंतदादाला. "पोरींनी मासळी पकडावी, बॉल नाय," असं तो चारचौघांत बोलला होता. जर्सीने होडी पुसू नये. पुसलीस तर मला कळेल, दादा. कसं, ते मलाही बघायचंय.

कलम ३. टीमचा फोटो शाळेच्या पीटीच्या नलिनीबाईंना. बाराव्या वर्षी ताप आला, सांधे सुजले, डॉक्टर म्हणाले, हिने पळायचं नाही. बाईंनी विचारलं, "मग करणार काय तू?" मी म्हटलं, "उभी राहीन." त्यांनी मला गोलमध्ये उभी केली. तिथून पाच देश बघितले.

कलम ४. पेनल्टी ओळखायची विद्या. ही आईची. बोरिवलीच्या मार्केटात तिच्या पाटीमागे बसून शिकले. गिऱ्हाईक भाव विचारतं पापलेटचा, पण पाय वळलेला असतो मांदेलीकडे. तोंड खोटं बोलतं, पाय नाही. पेनल्टीला मी कधीच कोणाचे डोळे बघितले नाहीत, टेकलेला पाय बघितला. परदेशात चार अडवल्या त्या अशा. ज्याला शिकायचंय त्याने एक सकाळ आईजवळ बसावं. आई म्हणते, "बसू दे. गिऱ्हाइकाच्या आड नको."

कलम ५. वसुधा परब, राहणार वाकोला, आमची कॅप्टन. हेच खरं लिहायचं होतं, बाकीचं उगाच.

त्र्याऐंशीची फायनल, परदेशात. जिंकलो असतो तर वसुधाला सरकारी नोकरी लागणार होती. तिच्या वडलांची गिरणी बंद, घरात पाच तोंडं. एक-एक गोल, शेवटची मिनिटं, पेनल्टी. समोरच्या टीमची नऊ नंबर मारायला आली. मी उजवीकडे उडी मारली, बॉल डावीकडून आत.

"तिकडे कशाला गेलीस यार?" वसुधाने विचारलं.

"वाटलं," मी म्हटलं.

तीन वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. शिवणक्लास चालवते.

वाटलं वगैरे काही नव्हतं. हाफटाइमला नळावर ती नऊ नंबर रडत होती, बुटाचा तळ उघडलेला. मार्केटात रीत आहे, बाजूवालीचा कोयता बोथट झाला की आपला द्यायचा, मग ती आपलंच गिऱ्हाईक का पळवेना. माझा हात आपोआप पिशवीत गेला. जादाचे बूट दिले. माझा पाय आठ, तिचा सहा. टोकात पेपर कोंबला. आणि पेनल्टीला मी बघितलं काय? पाय नाही. बूट. माझाच. आत पाय कुठे वळला होता कोणाला ठाऊक. हे सांगायची हिंमत झाली नाही.

मॅच संपल्यावर तिने बूट परत आणून दिले. ते बूट वसुधाला. पेपर अजून आत आहे, त्यांच्या लिपीतला. वसुधा, तुझा पायही सहाच. एकदा घाल, दहा पेनल्टी मार, टोक कुठे आणि बॉल कुठे ते बघ. मी बुटाला फसले, का तिने मला फसवलं? माझ्या फोटोसमोर येऊन सांग. हार नको.

दुसरा साक्षीदार अजून मिळायचाय. टायपिंगवाले काका म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची सही चालत नाही.

मालन बळवंत वैती
मनोरी, शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार १: शिवदास तांडेल, शेजारी. सही करताना विचारलं, "फुटबॉलला पेन्शन असते काय?"

साक्षीदार २: वसुधा गुणाजी परब, रविवारी.
तुझ्या आईने मासळीच्या टेम्पोवाल्याकडून निरोप धाडला. आले तर तू झोपलेलीस. वाचलं. बूट घालून समुद्रावर गेले, दहा मारल्या. सहा वेळा टोक एकीकडे, बॉल दुसरीकडे. चार वेळा नाही. म्हणजे कळलं काय? कप्पाळ! समोर कोणी नसलं की नुसती लाथ बसते. नोकरीचा राग आहे, राहणार. नळावर मी असते तर बूट दिले नसते, तेही लिहून ठेव. सही केली की बूट मिळत नाहीत म्हणे. मग ही घे सही. बूट तुझ्या खाटेखाली ठेवलेत. पुढच्या दहांना तू गोलमध्ये पाहिजेस. पळायचं नाहीये. नुसतं उभं राहायचंय.