ताराची कच्ची वही

३ फेब्रुवारी २०१३, रविवार

ताराला आज रडवलं — सगळ्या लेखनवर्गासमोर. शेतकरी सोसायटीच्या गोदामात आठ पोरी बसलेल्या, आणि मी लाल पेन घेऊन प्रत्येकीच्या मानगुटीवर! तिची गोष्ट ऊसतोडीच्या फडावरची. मुकादम एका तापानं फणफणलेल्या माणसाला चाबकाच्या दांड्यानं मारतो, पेटलेल्या पाचटात ढकलतो आणि सांगतो, वाऱ्यानं आग लागली. गोष्ट जबर आहे. पण बैलांची नावं तिनं ढवळ्या-पवळ्या करून ठेवलेली. मी कडाडले. माणसांची नावं बदल, जनावरांची खरी ठेव! पंचवीस वर्षं मुलांसाठी लिहितेय, मुलांना खोटं जनावर चालत नाही. तिनं डोळे पुसले आणि लिहिलं — हिऱ्या आणि सरदार.

माझी रीत ठरलेली. आधी कच्च्या वहीत खऱ्या नावांनी लिहायचं, मग पक्की प्रत. कच्ची वही मी कुणाचीच वाचत नाही. ताराची माझ्या कपाटात आहे. मायलेकी बैल घेऊन चारा छावणीत राहतात, तिथं कागद टिकत नाही, गुरं खातात.

१५ फेब्रुवारी

सोसायटीचा वर्धापन अंक आला. ताराची गोष्ट पान नऊवर. पाण्याचा टँकर आज पाचव्या दिवशीही नाही. अंघोळ नाही, तरी खूश.

१७ फेब्रुवारी, रविवार

तारा वर्गाला आली नाही. तिची मैत्रीण सांगत होती — छावणीत कुणीतरी अंक मोठ्यानं वाचला. हिऱ्या-सरदार म्हटल्याबरोबर माणसं उठून बसली. "आरं, ही तर मुंजाजीची जोडी हाय." मुंजाजी म्हणजे ताराचा बाप. तीन वर्षांमागं फडात जळून मेला. टोळीत माणसाचं आडनाव कुणी विचारत नाही, त्याच्या गाडीची बैलजोडी विचारतात. आष्टीत जन्म गेला माझा, आणि हे मला सुचू नये?

१८ फेब्रुवारी

बंकट आला. माझा धाकटा भाऊ. मुकादम, वर सोसायटीचा संचालक. चप्पल न काढता थेट आत. अंक माझ्या तोंडावर फेकला.

"आक्का, सख्ख्या भावाला फासावर द्यायला निघालीस व्हय?"

मला आधी काही कळेना. कपाट उघडून ताराची वही काढली. पहिल्याच ओळीत — बंकट मुकादम.

तो वहीवर झेपावला. मी वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड वाजलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं! त्यानं दुसऱ्या हातानं माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर दोनदा आपटलं. आई मधे पडली म्हणून थांबला. जाताना म्हणाला, "परवापत्तोर वही जळली पायजे. न्हाईतर त्या दोघी जळतेत."

१९ फेब्रुवारी

मुदतीचीही वाट न बघता सकाळी बंकटची माणसं छावणीत गेली. सरदारच्या मागच्या पायांच्या नसा कोयत्यानं तोडल्या. बैल दुपारपर्यंत ओरडत होता, मग मेला. ताराची आई साखराबाई आडवी गेली, तर तिला दावणीच्या खुंट्यानं बडवलं. हात दोन जागी मोडला. चारशे माणसं बघत होती. आपल्या गुरांची पेंढी बंद होईल म्हणून एकही उठला नाही. चारा सोसायटीचा, आणि सोसायटी बंकटच्या मुठीत.

दवाखान्यात गेले. माझ्या कपाळावर टाके, साखराबाईच्या हाताला प्लास्टर. एकमेकींकडे बघवेना.

तारा म्हणाली, "बैलांची नावं कावून बदलली हुती, आता कळलं का बाई?"

पोलिसात जाऊ, म्हटलं. वही आहे आपल्याकडे.

"जपा मग. तुमी वाचाल म्हणूनच तुमच्याकडं ठेवलती. सहा महिने झाले, तुमी उघडलीच न्हाई."

२० फेब्रुवारी

आई सकाळपासून चुलीपुढं बसून. ऐंशी वर्षांची बाई, दुष्काळात कधी कुणापुढं पदर पसरला नाही — तिनं माझे पाय धरले. "एकच ल्योक हाय गं मला." बंकटला मी कडेवर वाढवलाय. त्याचे पडलेले दुधाचे दात मी उकिरड्यावर पुरलेत.

वही पुरती वाचली. दोनदा. बाप पेटला तेव्हा हिऱ्या दावं तोडून त्याच्याकडे धावला, असं लिहिलंय. बंकट मात्र बांधावर उभा राहून तंबाखू मळत होता.

मग चुलीत घातली. एकेक पान. पोरींना सांगत असते, पाहिलं ते लिहा, भिऊ नका. माझी मलाच शिसारी येते.

२१ फेब्रुवारी

बंकटनं पेढे पाठवले. मी उकिरड्यावर भिरकावले. आईनं वेचून, धुऊन आणले.

२२ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन ताराला सांगितलं, वही जाळली. वाटलं होतं तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिनं आईच्या तोंडाला लावलेला पेला खाली ठेवला.

"जाळायच्या आदी वाचली का पर?"

वाचली, म्हणाले.

२५ फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात बोलावणं. ताराचा जबाब फौजदारानं वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर मी आहे — चुलीपुढं, वही जाळताना. एक शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नाही. फौजदार म्हणाला, "बाई, तिच्याशिवाय ती वही फक्त तुम्हीच वाचलीय. काय होतं त्यात?" बंकट समोरच्या बाकावर, मनगट गळ्यात बांधलेलं. आई त्याच्या शेजारी, माझ्याकडे बघत. मी पहिल्या ओळीपासून सांगायला लागले.