गाडीत विस्तव पेटवला जातो काय?

बाई,

परवा माझ्या भाचीने मोटार घेतली आणि विम्याचे कागद आणून माझ्या मांडीवर ठेवले. म्हणाली, "मावशी, तूच वाच. तुला यातलं कळतं." मी चष्मा पुसला आणि वाचायला बसले ती थेट शेवटच्या पानापासून, जिथे काय मिळणार नाही ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. भाची हसली. म्हातारपणी मावशीचं सगळं उलटं चाललंय असं तिला वाटलं असणार. पण ही सवय तुम्ही लावलेली, आणि ती कशी लागली हे तिला सांगता सांगता अख्खी दुपार गेली. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता माझं वय जास्त आहे. त्यामुळे लिहायला पूर्वीसारखी भीती वाटत नाही.

भाचीला आधी आपली फिरत्या दवाखान्याची मोटार डोळ्यांसमोर उभी करून द्यावी लागली. तिला दवाखान्याची गाडी म्हणजे अँब्युलन्स वाटली. मी म्हटलं, तसं नाही, ते घर होतं. त्र्यंबकच्या रस्त्यावर सात-आठ वर्षं उतारू वाहून खिळखिळी झालेली एक जुनी सर्व्हिस मोटार तुम्ही घेतलीत आणि पंचवटीतल्या सुताराकडून तिला आतून नवं केलंत. एका बाजूला एकावर एक दोन बाकं, दुसऱ्या बाजूला बाटल्यांचं कपाट, घडी होणारं टेबल, मागे पाण्याची टाकी. महिन्यातले वीस दिवस आपण दोघी त्यातच राहायचो, जेवायचो, झोपायचो. पिंपळगाव, वणी, कळवण आणि दिंडोरीवरून परत. तुम्ही स्वतः चालवायचात. पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. गावात शिरलो की माणसं रोगी आणण्याआधी बाई मोटार हाकते ते बघायला येत. माझ्या वडिलांची गोदाकाठी फुलशेती होती. मुलगी नर्सिंग शिकली इथवर त्यांनी सोसलं होतं, पण मोटारीत राहणार म्हटल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग तुम्ही मळ्यात आलात, शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून त्यांना म्हणालात, की ही माझ्या जबाबदारीवर येतेय. तेवढ्यावर त्यांनी मान हलवली.

विमा उतरवायचं तुमच्या डोक्यात होतंच. मेन रोडवरच्या एका एजंटाला तुम्ही बोलावलंत. कोट घातलेला, अत्तर लावलेला, बोलण्यात गोड. त्याची कंपनी सगळं देणार होती. आग, चोरी, टक्कर, कोणाला इजा झाली तर तेही, आणि गाडी कुठेही बंद पडली तर नाशिकहून माणूस पाठवणार. तुम्ही तपासणीच्या खोलीत रोगी बघत होतात, म्हणून अर्ज मी भरायला घेतला. प्रश्न इंग्रजीत, मला येईल तितपत. गाडीत विस्तव पेटवला जातो काय, असा एक प्रश्न आला तिथे माझं बोट थांबलं. एजंट पुढे वाकून म्हणाला, इथे नाही लिहा, सगळे तेच लिहितात, हो लिहिलंत तर हप्ता वाढेल आणि वर चौकशा होतील. मी नाही लिहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण व्यवहारी आहोत असंच वाटलं.

तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि उभ्या उभ्या अर्ज वाचलात. मला विचारलंत, "काल पिठलं कुठे केलंस?"

मी म्हटलं, गाडीत.

"पोटात दुखणाऱ्या माणसाने काय खाल्लं ते आपल्याला खोटं सांगितलं, तर तू त्याला काय म्हणतेस?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत, हेच जास्त लागलं. अर्ज फाडलात आणि एजंटाला शांतपणे विचारलंत, की गाडी कळवणच्या पुढे बंद पडली तर आम्ही तुम्हाला कळवायचं कसं. तो म्हणाला, तार करा. तुम्ही म्हणालात, तारघरापर्यंत गाडी चालत गेली तर तुमचा माणूस कशाला लागेल. त्याला चहा मात्र तुम्ही प्यायला लावलात.

दुसरा एजंट आपण शोधून काढला तो शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. ढगळ सदरा, बोलताना मध्येच खोकणारा. त्याने बसल्या बसल्या पहिल्यांदा काय सांगितलं असेल तर त्याची कंपनी काय देणार नाही ते. बाटल्या फुटल्या तर काही नाही. गाडी बंद पडली तर ओढून आणायला कोणी येणार नाही. आणि गाडीत स्टोव्ह पेटत असेल तर आगीचा विमा नाही. लाकडाची बांधणी, आत स्पिरिट, इथर, कंपनी तयारच होणार नाही. हे सगळं सांगून झाल्यावर काय मिळेल ते तो दोन वाक्यांत बोलला. मला हा माणूस धंद्याला नालायक वाटला. तुम्ही मात्र त्याच दिवशी होकार दिलात, आणि स्टोव्ह आत पेटणार नाही असं आपल्या हाताने लिहून सही केलीत. मी कुरकुरले. वारा असला तर काय, पाऊस असला तर काय. तुम्ही म्हणालात, "मग त्या दिवशी चुरमुरे खायचे."

आणि खरंच, त्या दिवसापासून आपला स्वयंपाक गाडीबाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला. किती वेळा चुरमुरे खाल्ले ते मला अजून आठवतं.

बंद पडण्याचा बंदोबस्त कंपनी करणार नव्हती, तो तुम्ही केलात. पुढच्या फेरीत आपण रोगी कमी बघितले आणि माणसं जास्त बघितली. पिंपळगाव बसवंतला एक मुसलमान मिस्त्री होते, आधी टांग्यांची कामं करायचे, मग मोटारींची करू लागले. वणीला एक लोहार. कळवणला लॉरी असलेला एक व्यापारी. तिघांकडे तुम्ही सुटे भाग ठेवायला दिलेत. पट्टा, ट्यूब आणि स्प्रिंगचे पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या. माझ्याकडून जाड कागदाच्या चिठ्ठ्या करून घेतल्यात, एकेकीवर एकेका भागाचं चित्र. निरोप नेणाऱ्याला वाचता आलं नाही तरी चालावं, चिठ्ठी दाखवली की काम व्हावं. मी चित्रं काढताना हसत होते. पिंपळगावचे मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एकेक चिठ्ठी नीट बघितली आणि पाट्याच्या चित्रात एक पट्टी कमी आहे म्हणून मला ती पुन्हा काढायला लावली.

आणि मग तो फाल्गुनातला दिवस. आपण कळवणहून निघालोय. मागच्या बाकावर एक पहिलटकरीण आहे, दोन दिवस कळा देऊन थकलेली. सुईणीने हात टेकले म्हणून तिचा नवरा वाटेत आडवा उभा राहिला होता. तुम्ही तिला तपासून नाशिकच्या इस्पितळात न्यायचं ठरवलंत. तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आहे. घाटाच्या उतारावर, वणीच्या अलीकडे, खालून तोफ उडावी तसा आवाज होतो आणि गाडी एका अंगाला बसते. तुम्ही खाली उतरून वाकून बघता. मागचा पाटा तुटलाय. रस्त्यावर दुसरं वाहन नाही. डोंगरावरून वारा असा येतोय की उभं राहणाऱ्याचे कपडे फाटतील.

थोड्या वेळाने कांद्याची एक लॉरी वरून आली, पिंपळगावला निघालेली. तिच्यात जागा एकाचीच. पाटे पिंपळगावच्या मिस्त्रींकडेच ठेवलेले होते, म्हणून तुम्ही नवऱ्याच्या हातात पाट्याच्या चित्राची चिठ्ठी दिलीत. तो जायला तयार होईना. "माघारी येईस्तोवर ती राहील का, बाई?" असं त्याने विचारलं. तुम्ही त्याला खोटा धीर दिला नाहीत. म्हणालात, "तू इथे थांबून काही करू शकत नाहीस. तिथे जाऊन करू शकतोस." तो गेला.

तास दीड तासाने तुम्ही मला सांगितलंत, की आता नाशिक विसरायचं, इथेच मोकळी करायची. चिमटे उकळ. मी स्टोव्ह घेऊन खाली उतरले. ताडपत्री फडफडून हातातून सुटली. तिच्या सासूने लुगड्याचा पदर आडवा धरला, मी वाऱ्याकडे पाठ केली, चाकाच्या आड बसले. तीनदा पेटवला, तीनदा विझला. काड्यांच्या पेटीत मोजक्या काड्या उरल्या. आतून तिचं कण्हणं येत होतं आणि ते बारीक होत चाललं होतं. मला ते ऐकवेना. मी स्टोव्ह उचलला, आत आले, मागचं दार लावून घेतलं आणि गाडीच्या मधोमध तो पेटवला.

तुम्ही मान वळवून आधी स्टोव्हकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"स्पिरिट, इथर बाहेर ठेव. आडोशाकडची खिडकी उघड. बादली भरून जवळ घे," एवढंच म्हणालात.

पुढचं काम तुम्ही कसं केलंत ते मी नंतर शिकाऊ मुलींना इतक्या वेळा सांगितलंय की इथे पुन्हा लिहीत नाही. तेवढ्या वेळात मिस्त्री येऊन पोचले होते, नवऱ्याला घेऊन, कळवणकडे येणाऱ्या एका रिकाम्या लॉरीतून. बरोबर पाटा तोच, बरोबर मापाचा. त्यांनी चाकांना दगड लावले आणि ते गाडीखाली शिरले. जॅक लावला असता तर गाडी हलली असती, म्हणून तुम्ही आतूनच त्यांना थांबायला सांगितलंत. ते खाली मातीत पाठीवर पडून राहिले. वर एवढं सगळं चाललंय आणि खाली एक माणूस हातात पाना घेऊन गप्प पडलाय. मग मूल रडलं. खालून आवाज आला, "आता लावू का, बाई?"

"अजून थोडं, मिस्त्री. वार पडायची आहे."

"बरं बरं. सावकाश होऊ द्या. मला काय घाई नाय."

मुलगी झाली होती. आई वाचली. नवरा बाहेर रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याला सांगायला मी गेले तर त्याने आधी विचारलं, ती बोलते का. मी हो म्हटल्यावर तो उठला आणि मिस्त्रींना खालून बाहेर यायला हात दिला. दोघेही धुळीने माखलेले. पाटा बसला, आणि दिवस मावळायच्या आत आपण तिला नाशिकच्या इस्पितळात पोचवलं.

आपल्या दवाखान्यात आल्यावर मी वाट बघत होते, की तुम्ही स्टोव्हबद्दल काही बोलाल. दोन दिवसांनी बोललात. "केलंस ते बरोबर केलंस. त्या जागी मीही तेच केलं असतं. पण आपण त्यांना शब्द लिहून दिला होता, तेव्हा कळवायला हवं." तुम्ही मास्तर-एजंटाच्या नावे पत्र लिहिलंत, पाकीट बंद केलंत आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिलंत.

आता हे सांगते. पोस्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून मी ते पाकीट उघडलं. गोंद ओला होता, सहज निघाला. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला बघायचं होतं. पत्र चार ओळींचं होतं. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, रोग्याच्या जिवाला धोका असल्यामुळे मी गाडीत स्टोव्ह पेटवला, कंपनीने योग्य तो निर्णय घ्यावा. मी, म्हणजे तुम्ही. माझा उल्लेखच नव्हता. एका शब्दासाठी अर्ज फाडणाऱ्या बाईंनी माझं काम आपल्या नावावर घेतलं होतं, आणि तेही इतक्या साधेपणाने की लिहिताना त्यांना त्यात काही खोटं वाटलं असेल असंही वाटत नव्हतं.

ते पत्र मी टाकलं नाही. तुम्ही पंधरा दिवस उत्तराची वाट बघितलीत, महिनाभर बघितलीत. मग एक दिवस जेवताना म्हणालात, की उत्तर आलं नाही म्हणजे त्यांनी समजून घेतलं, माणसं भली आहेत. पुढे ज्याला त्याला तुम्ही त्या कंपनीचं नाव सांगत राहिलात. कळवणच्या व्यापाऱ्याने तुमच्या शब्दावर आपल्या लॉरीचा विमा तिथेच उतरवला. लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं आणि आपली मोटार उभी राहिली, तोवर दर वर्षी ती पॉलिसी नवी होत गेली, आणि दर वर्षी सही करताना तुम्ही त्या भलेपणाची आठवण काढायचात. मी समोर उभी असायचे, टीपकागद हातात धरून.

भाचीला मी सांगितलं, की बाईंच्या नावावर खोटं जाऊ नये म्हणून मी ते पत्र ठेवून घेतलं. तिला ते फार आवडलं. पण बाई, पायऱ्यांवर पत्र वाचायच्या आधीच, पाकीट उघडतानाच, ते टाकायचं नाही असं माझं ठरलं होतं. कंपनीने विमा काढून घेतला तर तुम्ही बिनविम्याची मोटार रस्त्यावर आणणार नाही, फेऱ्या बंद होतील आणि मला मळ्यात परत जावं लागेल, याची मला भीती वाटली होती.