दोघांच्या होडीतली मागची सीट

१ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. पुढच्या रविवारी हिला खाडीत कायाकिंगला नेणार. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दरवेळी माझं ऑफिस मध्ये कडमडलं. आता एकच होडी, दोघांची वल्ही, सगळं मिळून. उद्यापासून रोज वीस पुशअप्स.

३ नोव्हेंबर
पुशअप्स दोन. दुसरा अर्धाच. मनगटं जपून ठेवलेली बरी. त्याऐवजी सोफ्यावर बसून झाडूने वल्हवायचा सराव केला. टेक्निक जबरदस्त. फुलदाणी गेली. हिने विचारलं, तर वाऱ्याने पडली म्हणून सांगितलं. खिडक्या बंद होत्या हे नंतर लक्षात आलं.

७ नोव्हेंबर
तीन व्हिडिओ पाहिले. होडीला दिशा देतो तो मागचा. म्हणजे कॅप्टनच. हिला समजावून सांगितलं. बघू या, म्हणाली.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
हात अजिबात दुखत नाहीयेत. तोच प्रॉब्लेम आहे.
गाइडने हिला पुढे बसवलं, मला मागे. पहिल्याच वळणावर मी दिशा दिली आणि होडी थेट खारफुटीत. चिखलातून वर आलेल्या मुळ्यांत नाक अडकलं, होडीचं. फांदीवरून एक खेकडा माझ्या मांडीवर पडला. ओरडलो नाही, मोठ्याने श्वास घेतला. हिनेच वल्हं टेकवून होडी बाहेर काढली.
मग जरा दम खावा म्हणून वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. होडी चालतच राहिली! पुढच्याला मागचं दिसत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं. वर फांद्यांचं छत, खाली हिरवं पाणी, एक बगळा. इतकं छान वाटलं की दम खाणं लांबलं. येताना पाणी उलटं ओढत होतं. ही एकटी वल्हं मारत होती. मी मधूनमधून एक-दोन, एक-दोन म्हणत होतो.
काठावर गाइडने पाठ थोपटली. म्हणाला, साहेब, मागे दमदार माणूस असला की होडी अशी येते. मी मान डोलावली. नको होती डोलवायला.

९ नोव्हेंबर
हिचा उजवा हात वर जात नाही. केस विंचरताना कण्हली. मीही जोडीला आई गं केलं. स्वतःचीच लाज वाटली. आज सांगूनच टाकणार होतो, पण ऑफिसचा फोन आला. म्हणजे मीच केला.

१० नोव्हेंबर
हिच्या धाकट्या बहिणीचा फोन. दाराआडून ऐकलं. हे मागे बसले म्हणून तर जमलं, असं ही तिला सांगत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रायश्चित्त म्हणून भांडी घासली. दोन कप फुटले. वारा.

१२ नोव्हेंबर
ऑफिसात टीमवर्कवर माझं प्रेझेंटेशन. शेवटी आमचा होडीतला फोटो. मांडीवरचं वल्हं दिसत होतं, म्हणून खालचा भाग कापून फक्त दोन डोकी ठेवली. टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत कानात वाजत होत्या. उद्या काय वाटेल ते होवो, सांगणार.

१३ नोव्हेंबर
चहा केला, हिला समोर बसवलं. त्या दिवशी मी जरा, एवढंच म्हणालो. ही म्हणाली, माहितेय. खाडीत इतकं शांत होतं, वल्ह्याचा आवाज एकच येत होता. दोन आले तेव्हा आपण झाडांत गेलो.
मग तेव्हाच का बोलली नाहीस, असं विचारलं. म्हणाली, बोलले असते तर तुम्ही पुन्हा वल्हवायला लागला असता.
बहिणीला सांगितलं तेही खरंच होतं म्हणे. मी मागे नुसता बसलो, म्हणून हिला कळलं की एकटीला जमतं. हात आता बरा आहे. रविवारचं बुकिंग केलंय. एकटीच्या होडीचं.
माफी मागायचं राहूनच गेलं.

१५ नोव्हेंबर, रविवार, काठावर
ही केव्हाच वळणाआड गेली. माझ्याकडे हिच्या चपला, पर्स आणि पाण्याची बाटली.
गाइडने ओळखलं. शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, साहेब, मागे वजन नसलं की होडी कशी पळते बघा.
बघतोय.